सोळा तासांचा उपास आणि पोटातल्या बाळाचं रक्त

मागच्या मंगळवारी सकाळी अकराला भाचीचा फोन आला. "मामा, डोकं गरगरून राहिलं. लिंबूपाणी घेतलं तर चालते का? की उपास मोडते?" त्या दिवशी ना चतुर्थी होती, ना एकादशी. कसला उपास, म्हणून विचारलं. आदल्या संध्याकाळी सातला जेवली होती, त्यानंतर पोटात नुसतं पाणी. तिला तिसरा महिना चालू आहे, बाहेर नागपूरचं मे महिन्याचं ऊन, आणि ही मुलगी घड्याळ लावून सोळा तास पूर्ण करत बसली होती. "आधी पोहे खा, मग बोल," एवढं म्हणून मी फोन ठेवला.

दहा मिनिटांत तिनं, ज्यावरून हा उपास धरला होता, तो मेसेज पाठवला. ओळखीचाच निघाला. कॉलनीच्या ग्रुपवर दोनदा, शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर एकदा, एका विद्यार्थ्याच्या आईकडून एकदा, असा चार वेळा माझ्याकडे येऊन गेलेला. अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवणारा माणूस मी. चारही वेळा अंगठ्यानं वर सरकवून दिला. तिथं माझं चुकलं.

हात जोडल्याची चित्रं आणि फुलं गाळली तर मेसेजचं म्हणणं असं: २०१६ चं नोबेल उपवासाला मिळालं. सोळा तास पोट रिकामं राहिलं की ऑटोफॅजी नावाची यंत्रणा 'चालू' होते आणि शरीरातली घाण खाऊन टाकते. गर्भातल्या बाळाच्या रक्ताच्या मूळ पेशी (स्टेम सेल) या ऑटोफॅजीमुळेच तयार होतात, हे परदेशी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे. म्हणून गरोदर बाईनं तिसऱ्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा सोळा तास उपास केला की बाळाच्या मूळ पेशी 'शुद्ध' होतात, आणि सिकलसेल, थॅलेसेमियासारखे रक्ताचे आनुवंशिक दोष पोटातच जळून जातात. मग महागड्या तपासण्या कशाला? शेवटी कुणा ताईंचा अनुभव: नवराबायको दोघंही सिकलसेलचे वाहक, तरी बाळ ठणठणीत जन्मलं.

यातलं एक वाक्य जवळजवळ खरं आहे. तेच सगळ्यात जास्त घात करतं, म्हणून त्याच्यावर मी जास्त वेळ घेणार आहे. बाकीचं एकेक करून.

नोबेलचं आधी उरकतो. २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना एकट्यांना मिळालं, हे बरोबर. मिळालं ते ऑटोफॅजी, म्हणजे पेशीनं आपलंच जुनं सामान मोडून पुन्हा वापरणं, घडते कशी, तिची कळ कुठल्या जनुकांत आहे, हे शोधल्याबद्दल. प्रयोग कुणावर? यीस्टवर. पाव फुगवणारी तीच बुरशी. ओसुमींनी अशी यीस्ट घेतली, जिच्या पेशीतल्या कचराकुंडीत पचवणारे रसच नव्हते. मग तिला उपाशी ठेवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर काही तासांत कुंडीत न पचलेल्या पुड्याच पुड्या साचल्या. हे काम १९९२ साली छापून आलं, आणि पुढच्या वर्षी या कामात बिघडलेल्या यीस्टचे पंधरा वाण त्यांनी वेगळे काढले. 'ऑटोफॅजी' हा शब्द तर त्याच्याही कितीतरी आधीचा, १९६३ चा, बेल्जियमच्या ख्रिस्तियाँ द दूव यांचा. या सगळ्यात माणसाच्या उपासाचं नाव नाही, गरोदर बाईचं तर नाहीच. यीस्टला भूक लागली म्हणजे तिच्या भोवतालच्या पाण्यातून नायट्रोजन काढून घेतलेला असतो. आपल्याकडे उपासाला साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याची आमटी आणि भगर. एकादशी अन् दुप्पट खाशी. मी स्वतः आषाढीला उपास करतो, त्यामुळे उपासावर माझा राग नाही. पण त्याला नोबेलचं सर्टिफिकेट लावायचं कारण नाही.

आता ते 'सोळा तासांनी चालू होते'.

ऑटोफॅजी ही दिवाणखान्यातल्या दिव्यासारखी बटणावर चालत नाही. तुम्ही हे वाचताना, भरल्या पोटी, तुमच्या पेशींत ती चालूच आहे, संथपणे. पेशी एक दुहेरी पापुद्रा तयार करते, जुनं झालेलं सामान त्यात गुंडाळते, ती पुडी लायसोसोम नावाच्या पिशवीला जोडते, आत रस असतो, सामानाचे तुकडे होतात, आणि ते तुकडे पुन्हा वापरायला निघतात. भूक लागली की हा वेग वाढतो, एवढं खरं. पण २००६ साली जपानमधल्या दोन गटांनी उंदरांच्या मेंदूच्या पेशींतून या कामाची जनुकं काढून टाकली. त्या उंदरांना कुणी उपाशी ठेवलं नव्हतं. तरी त्यांच्या मेंदूच्या पेशींत प्रथिनांचे गोळे साचत गेले आणि चालणं डळमळू लागलं. खाऊन-पिऊन असलेल्या प्राण्यालाही रोजची ही झाडलोट लागते, ती बंद पाडली की घर बुडतं, असा त्याचा अर्थ. आणि सोळा हा आकडा? पंधरा तास एकोणसाठ मिनिटांपर्यंत बंद आणि मग चालू, अशी रेघ कुठल्याच पेशीत नसते. यकृत, स्नायू, मेंदू यांचं वेळापत्रकही सारखं नाही. उंदरांना चोवीस तास उपाशी ठेवून पाहिलं तेव्हा बहुतेक अवयवांत ऑटोफॅजी वाढली, मेंदूत तशी वाढ दिसली नाही. शिवाय उंदराचे चोवीस तास म्हणजे आपले चोवीस तास नव्हेत. तेवढ्यात त्या जिवाचं वजन लक्षात येण्याइतकं उतरतं.

मग येतं ते जवळजवळ खरं वाक्य: गर्भातल्या रक्ताच्या मूळ पेशी ऑटोफॅजीमुळे तयार होतात.

हा विषय मला फार आवडतो, म्हणून जरा ऐसपैस सांगतो. आपलं रक्त हाडांच्या मगजात तयार होतं, हे शाळेत शिकवतात. पण त्या मगजात बसलेल्या मूळ पेशी तिथं जन्माला आलेल्या नसतात. त्यांचं माहेर दुसरंच. भ्रूण तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढा असतो तेव्हा त्याच्या पाठीच्या बाजूनं महारोहिणी, म्हणजे शरीराची सगळ्यात मोठी धमनी, नुकती तयार झालेली असते. तिच्या आतल्या अस्तरात फरशीसारख्या चपट्या पेशी असतात. त्यातल्या काही, तेही पोटाकडच्या भिंतीतल्या, एका ठरावीक वेळी वागणं बदलतात. फरशी वाकते, गोल होते, शेजारणींचा हात सोडते आणि वाहत्या रक्तात उतरते. नळीच्या भिंतीतली वीट सुटून पाण्यात पोहायला लागावी, तसं. २०१० साली झेब्राफिश या माशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिल्लांमध्ये हे जिवंत घडताना चित्रित झालं, त्याच वर्षी उंदराच्या भ्रूणातही. मी ते वर्गात दाखवतो. शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा तेवढा एक मिनिट मोबाइल खाली ठेवतात.

त्या काही पेशी पुढे गर्भाच्या यकृतात जातात, तिथं वाढतात, आणि जन्माच्या आधी मगजात जाऊन बसतात. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं तुमचं सगळं रक्त त्यांच्या वंशजांतून येतं. किती असतात या सुरुवातीला? एडिनबराच्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं की माणसाच्या भ्रूणात त्या भागात अशी पुरत्या ताकदीची मूळ पेशी जेमतेम एखादी सापडते. पण उंदरात घातल्यावर त्या एकीपासून निदान तीनशे मूळ पेशी तयार झाल्या.

आता यात ऑटोफॅजी कुठे येते? भिंतीतल्या पेशीला रक्ताची पेशी व्हायचं तर जुना संसार मोडावा लागतो. २०१७ साली उंदराच्या भ्रूणातल्या एकेका पेशीची जनुकं वाचून संशोधकांनी पाहिलं, तर भिंतीतून मूळ पेशी होण्याच्या वाटेवर असलेल्या पेशींत ऑटोफॅजीची जनुकं जोरात चालू होती. त्याआधी २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं एफआयपी-२०० हे ऑटोफॅजी सुरू करायला लागणारं जनुक उंदरांच्या रक्ताच्या आणि रक्तवाहिन्यांच्या पेशींतून काढलं. गर्भातल्या मूळ पेशी टिकल्या नाहीत, पिल्लांना तीव्र पंडुरोग झाला आणि ती जन्माच्या आसपास मेली. त्या मूळ पेशींत मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीच्या भट्ट्या, गरजेपेक्षा जास्त साचल्या होत्या आणि त्यांचा धूर, ते ऑक्सिजनचे दाहक रेणू, वाढला होता. मूळ पेशीला भट्टी मंद ठेवून निवांत पडून राहायचं असतं. धूर वाढला की ती उगाच विभागत सुटते आणि संपते. २०११ मध्ये ऑक्सफर्डच्या गटानं एटीजी-७ हे दुसरं जनुक काढलं, तेव्हा मूळ पेशींचं जवळपास हेच झालं.

म्हणजे मेसेजमधलं ते वाक्य अगदी हवेतलं नाही. कुणीतरी कुठंतरी बातमी वाचलेली आहे. पण पाहा काय झालं. जनुक काढण्याच्या या प्रयोगांत यंत्रणा *तोडली* आणि मूळ पेशींचं नुकसान झालं. कुणीही यंत्रणा *वाढवून* बाळाचं भलं झाल्याचं दाखवलेलं नाही, आईला उपाशी ठेवून तर नाहीच. स्कूटरमधलं ऑइल संपलं की इंजिन जाम होतं. म्हणून दुप्पट ऑइल ओतलं की सीताबर्डीच्या उड्डाणपुलावर ती दुप्पट पळेल का? ऑटोफॅजी हाताबाहेर गेली की पेशी कामाचंही सामान खाऊन बसते.

आणि गर्भात ही यंत्रणा चालवतं कोण? भ्रूण स्वतः. त्याच्या स्वतःच्या जनुकांवर, स्वतःच्या घड्याळावर. याचा सगळ्यात देखणा पुरावा जपानच्याच नोबोरू मिझुशिमा यांच्या गटाचा. २००८ मध्ये त्यांनी दाखवलं की उंदराचं बीज फलित झाल्यावर काही तासांतच त्यात ऑटोफॅजी उसळते. तोवर ते गर्भाशयाला चिकटलेलंही नसतं. बीजात आईनं आधीच भरून ठेवलेली प्रथिनं मोडून तो नवा जीव आपली शिदोरी करतो. ती यंत्रणा नसेल तर चार ते आठ पेशींच्या पुढे गाडी जात नाही. आई त्या दिवशी जेवली की नाही, याच्याशी याचा संबंध नाही. याच गटाचं २००४ चं काम तर गर्भसंस्काराच्या दुकानदारांनी वाचायला हवं: पिल्लू जन्मलं, नाळ तुटली, वारेतून येणारं अन्न थांबलं, की पहिल्या काही तासांत त्याच्या अंगात ऑटोफॅजी जोरात वाढते. अंगावर दूध येईपर्यंतचा तो आडोसा. म्हणजे बाळाची ऑटोफॅजी अशी उसळते ती आईचा पुरवठा *तुटल्यावर*. पोटात असताना वार रात्रंदिवस पुरवठा चालू ठेवते. साखर तर देतेच. प्रथिनांचे घटक आईच्या रक्तापेक्षाही जास्त प्रमाणात बाळाकडे ओढून नेते. आई उपाशी राहिली तर आधी रिकामी होते ती आई.

हेही नवं ज्ञान नाही. गरोदर बाईचं शरीर उपाशीपणी इतरांपेक्षा लवकर चरबी जाळायला लागतं, रक्तातली साखर लवकर उतरते आणि कीटोन लवकर वाढतात. १९७० पासून हे मोजलेलं आहे आणि त्याला 'वेगवान उपासमार' असं नावही आहे. १९८२ च्या एका अभ्यासात शेवटच्या महिन्यांतल्या बायकांचा फक्त सकाळचा नाश्ता चुकवून हा फरक दाखवला होता. माझ्या भाचीचं डोकं गरगरलं, ते बाळ शुद्ध होत होतं म्हणून नव्हे.

पण मेसेजची मला सगळ्यात गंमत वाटली ती 'तिसऱ्या महिन्यापासून' या शब्दांत. तारखा जुळवून पाहा. माणसाच्या भ्रूणात महारोहिणीच्या भिंतीला रक्ताच्या पेशींचे घोस दिसू लागतात ते गर्भधारणेनंतर सत्तावीसाव्या दिवसाच्या सुमारास, आणि खरी मूळ पेशी बत्तिसाव्या दिवसाच्या आसपास. डॉक्टर दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीपासून, म्हणजे दोन आठवडे वाढवा. सहावा-सातवा आठवडा झाला. पाळी चुकून जेमतेम दोन-अडीच आठवडे, घरात अजून सासूबाईंनाही सांगितलेलं नसतं. तिसरा महिना लागेपर्यंत महारोहिणीतला हा कार्यक्रम आटोपलेला असतो, वऱ्हाड यकृताकडे निघालेलं असतं. लग्न लागून गेल्यावर मुहूर्त काढण्यासारखं हे.

एवढ्यावर मी थांबलो असतो. लोक उपास करतात, पित्त वाढतं, दुसऱ्या दिवशी जेवतात. पण मेसेजच्या शेवटी सिकलसेल आहे, आणि हे विदर्भ आहे.

आपल्याकडे हा आजार कुणाच्या तरी घरात असतोच. १९५८ साली नागपूरच्याच शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतात सिकलसेलचे वाहक असल्याचं 'लॅन्सेट'मध्ये नोंदवलं. आज गल्लीबोळात लोक 'एएस पॅटर्न', 'एसएस पॅटर्न' असे शब्द रक्तगट सांगावा तसे सांगतात. एएस म्हणजे वाहक, स्वतः बहुधा ठीक. एसएस म्हणजे रुग्ण. दोघंही एएस असतील तर दर खेपेला बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक.

दोष किती? अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात एक अक्षर बदललेलं. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढंच. त्या एका मण्यामुळे ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनच्या काड्या बनतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. हे अक्षर आईबापांच्या बीजातूनच आलेलं असतं, बाळाच्या प्रत्येक पेशीत तेच असतं, त्या महारोहिणीतल्या मूळ पेशीतही. ऑटोफॅजी जुनी भट्टी मोडेल, गोळा झालेलं प्रथिन पचवेल; डीएनएमधलं अक्षर खोडून दुसरं लिहिणं तिच्या कामातच नाही. तुम्ही घर कितीही झाडा, सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही. सिकलसेलच्या रुग्णांच्या काही लाल पेशींत मायटोकाँड्रिया उरलेले सापडतात, जे एरवी पेशी पिकताना ऑटोफॅजीनं काढून टाकलेले असतात. मेसेज लिहिणाऱ्यानं कदाचित हे कुठं वाचलं असेल. पण तो आजाराच्या पसाऱ्यातला एक भाग. मूळ त्या अक्षरात आहे.

२०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेनं जनुक-संपादनाचा पहिला उपचार मंजूर केला, त्यातही ते अक्षर खोडत नाहीत. रुग्णाच्याच मूळ पेशी बाहेर काढून त्यांच्यात गर्भातल्या हिमोग्लोबिनचा बंद झालेला नळ पुन्हा उघडतात, मगज औषधांनी रिकामा करतात आणि त्या पेशी परत घालतात. इतका खटाटोप, तो सोळा तासांच्या उपासानं होत असता तर कुणी केला असता का?

गर्भातलं हिमोग्लोबिन, यावरून त्या ताईंचा अनुभवही निकालात निघतो. एसएस बाळ जन्मतः ठणठणीतच दिसतं. पोटात आणि नंतरचे काही महिने त्याच्या रक्तात वेगळं, गर्भाचं हिमोग्लोबिन असतं, त्यात तो बिघडलेला मणीच नसतो. सहाएक महिन्यांत मोठ्यांचं हिमोग्लोबिन जागा घेतं, आणि मग एखाद्या दिवशी हातापायांचे पंजे सुजतात, बाळ रडायचं थांबत नाही. ताईंचं बाळ आता केवढं आहे, हे मेसेजमध्ये नाही. शिवाय दोघं वाहक असूनही चारात तीन वेळा बाळ रुग्ण नसतंच, उपास करा की रोज सावजीचा रस्सा ओरपा.

संध्याकाळी भाचीकडे गेलो. ती एएस आहे, दहावीत असताना शाळेत झालेल्या तपासणीतच कळलेलं. जावईबुवांची तपासणी? "आमच्या घरात कोणालेच नाही मामा," तो म्हणाला. वाहकाला काही त्रास नसतो, म्हणून 'घरात कोणालेच नाही' हे प्रत्येक वाहकाच्या घरात म्हणतात. मी त्याला ती साधी चाचणी सांगितली: एका नळीत द्रावण, त्यात रक्ताचा थेंब, थोडा वेळ ठेवायचं, मग नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर ठीक. गढूळ झाल्यामुळे दिसेनाशा झाल्या तर पुढे एचपीएलसी नावाची तपासणी, तिच्यात एएस की एसएस ते नक्की कळतं. भाचीचा अकरावा आठवडा चालू आहे. तोही एएस निघाला तर बाळाची तपासणी वारेचा लहानसा तुकडा घेऊन याच सुमारास करतात. पुढं काय करायचं ते त्यांचं त्यांनी ठरवायचं, पण ठरवायला माहिती तर हातात हवी. मेसेजनं नेमके हेच आठवडे खाल्ले होते.

जावई थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "उद्याच मेडिकल कॉलेजले जाऊन येतो. उपाशीपोटी जावं लागते का?"

"नाही," मी म्हटलं. "तर्री-पोहे खाऊन जा."